नैनीतालचे नाले

नैनीतालला जाऊन आलेला माणूस परत आला की दोन गोष्टी हटकून सांगतो. एक, तलावाचे पाणी किती हिरवे होते ते. आणि दुसरी, नावेत बसताना पाय कसा घसरला ती. मग फोटो बाहेर निघतात. फोटोत तलाव, तलावात शिडांच्या होड्या, मागे डोंगर. पाहणारे म्हणतात, "वा! काय सुरेख जागा आहे!" आणि ते खोटेही नसते.

मीही असाच तलाव पाहायला गेलो होतो. पण मुक्कामाच्या दुसऱ्या रात्री पावसाने धरले, आणि खिडकीखालून एक आवाज येऊ लागला. धो धो म्हणावा तर तसा नाही. जिन्यावरून कोणी सारखी हंड्यांची उतरंड सोडावी तसा. सकाळी पाहतो तो घराच्या कडेने दगडी बांधणीचा एक अरुंद नाला, पायऱ्यापायऱ्यांनी थेट तलावापर्यंत उतरलेला. रात्रभर त्यातून गढूळ पाणी धावत होते. चहावाल्याला म्हटले, "फार आवाज करतो हो तुमचा नाला." तो म्हणाला, "बाबूजी, आवाज करतो तोवर बरं. पावसात गप्प बसला तर आम्हांला झोप येत नाही."

श्रोतेहो, आज मला त्या नाल्याविषयी बोलायचे आहे. तलाव आपल्याला कोणीही दाखवील. नाला कोणी दाखवत नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी गावाची ठेवण ध्यानात घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ६,३५० फूट उंचीवर एक लांबट द्रोण आहे. द्रोणाच्या तळाशी तलाव. लांबी सुमारे १,४०० मीटर, रुंदी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. वायव्येच्या टोकाला मल्लीताल, म्हणजे वरला ताल, आणि आग्नेयेच्या टोकाला तल्लीताल, म्हणजे खालचा. तल्लीतालजवळून तलावाचे जादा पाणी बलिया नाल्याने खाली उतरते. दोन बाजूंना दोन डोंगर. उत्तरेकडचा तो शेर-का-डांडा, म्हणजे वाघाचा डोंगर, आणि समोरचा अयारपाटा. दिसायला दोघे सख्खे भाऊ, पण हाड वेगळे. अयारपाटा बहुतांशी चुनखडीच्या जातीच्या कठीण खडकाचा. शेर-का-डांडा पाटीच्या दगडाचा. पापुद्र्यांवर पापुद्रे, मध्ये भेगा, आणि त्या भेगांतून पाणी मुरायला मोकळी वाट. तलावाच्या लांबीच्या रोखाने जमिनीत मोठा भ्रंशही गेलेला आहे. ज्या उलथापालथीने हा सुंदर द्रोण घडवला तिनेच त्याच्या एका काठाचा दगड खिळखिळा करून ठेवला. सौंदर्य आणि धोका यांची अशी एकाच घरात नांदणूक आहे.

आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना ही जागा पूर्वापार ठाऊक होती. पुराणकथेप्रमाणे अत्रि, पुलस्त्य आणि पुलह हे तिघे ऋषी येथे आले, त्यांना पाणी मिळेना, तेव्हा त्यांनी खड्डा खणून त्यात मानसरोवराचे पाणी आणले. म्हणून हे त्रिऋषी सरोवर. दुसरी कथा सतीची. तिचे नेत्र येथे पडले, म्हणून नयनादेवी. लोक गुरे चारायला येत, देवीच्या जत्रेला येत, आणि जत्रा संपली की परत जात. घर मात्र कोणी बांधत नसे. देवीच्या अंगणात बिऱ्हाड थाटायचे नाही, एवढे त्यांना पुरेसे होते. त्यांना पाटीचा दगड आणि भ्रंश यांचे शास्त्र माहीत होते असे मी म्हणणार नाही. पण शास्त्र नसतानाही ते सुरक्षित राहिले, हे तर खरेच.

कुमाऊंवर आधी चंद राजांचे राज्य होते. १७९० साली गुरखे आले, आणि १८१५ साली गुरख्यांचा पाडाव करून इंग्रज आले. ट्रेल नावाचा त्यांचा कमिशनर १८२३ च्या सुमारास या तलावावर येऊन गेला असे सांगतात. पण लोकांच्या श्रद्धेची बूज राखून त्याने जागेचा गवगवा केला नाही. गवगवा केला तो १८४१ साली बॅरन नावाच्या व्यापाऱ्याने. हा शहाजहानपूरकडचा साखरेचा व्यापारी, आणि हौसेने डोंगर भटकणारा. वर्तमानपत्रात तो 'पिलग्रिम', म्हणजे यात्रेकरू, या नावाने लिही. आता हा यात्रेकरू कसा होता, ते त्याच्याच लेखणीतून उतरलेल्या दोन हकिकतींवरून पाहा.

गावकरी जागा दाखवीनात. "असा तलाव आम्हांला ठाऊकच नाही," म्हणत. तेव्हा बॅरनने एका वाटाड्याच्या डोक्यावर भला थोरला धोंडा दिला आणि सांगितले, "नैनीतालला दगड मिळत नाहीत असे ऐकतो. मला तेथे घर बांधायचे आहे. हा तिथवर वाहून ने." बिचारा काही वेळ तो धोंडा घेऊन चालला. शेवटी मान मोडायची वेळ आली तेव्हा कबूल झाला, की साहेब, तिथे दगडांना तोटा नाही! झाले. ज्याला जागाच ठाऊक नव्हती त्याला तिथले दगड ठाऊक होते.

दुसरी गोष्ट नरसिंह नावाच्या थोकदाराची. थोकदार म्हणजे पहाडातला वतनदार. ही जमीन आपली, असा त्याचा दावा होता. बॅरनने तलावात नाव आणवली होती. त्याने नरसिंहाला फिरवून आणतो म्हणून नावेत घेतले, मधोमध नेले, आणि वहीवर सही कर, नाहीतर बुडवतो, असे दरडावून हक्क सोडल्याचे लिहून घेतले. पुढे हाच नरसिंह तेथे पटवारी म्हणून नोकरीला लागला. बॅरनने ही हकिकत गंमत म्हणून लिहिली आहे. वाचताना हसू येते, आणि मग आपण कशाला हसलो याची थोडी लाजही वाटते. डोंगरातले पुष्कळसे इतिहास असेच आहेत. वहीवरची सही शाबूत असते, आणि ती कोणत्या पाण्याच्या मधोमध झाली ते विसरले जाते.

त्यानंतर गाव झपाट्याने वाढले. १८४५ साली नगरपालिका आली. १८४८ साली देवदारांच्या झाडीतले 'सेंट जॉन इन द वाइल्डरनेस' हे चर्च प्रार्थनेसाठी उघडले. १८५७ च्या उठावात रोहिलखंडातून पळालेल्या इंग्रज बायकामुलांनी येथेच आसरा घेतला. १८६२ पासून वायव्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागले. सरकार आले म्हणजे कचेऱ्या आल्या, बंगले आले, शाळा, हॉटेले, दुकाने आली. आणि एवढे सगळे बसवायचे कुठे? तलावाकाठी सपाटी ती किती! तेव्हा शेर-का-डांडाच्या अंगाला पायऱ्या पाडून घरे चढवली. उतार तासला, झाडे तोडली, रस्ते खोदले. १८६७ साली या उताराचा एक तुकडा निसटला. चौकशी झाली, थोडे नालेही काढले गेले. पण बांधकाम थांबले नाही. पहिला इशारा हा माणसाला नेहमी अपवाद वाटतो.

१८८० सालचा सप्टेंबर. पावसाळा सरत आला होता. १६ तारखेला, गुरुवारी, पावसाने जी झड धरली ती शनिवारपर्यंत सोडली नाही. चाळीस तासांत वीस इंचांहून अधिक पाऊस पडला. शनिवार, १८ तारखेच्या सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागच्या उताराची पहिली दरड आली. हॉटेलचा काही भाग गेला आणि काही माणसे गाडली गेली. लगोलग मदत धावली. अधिकारी आले, शिपाई आले, मजूर आले. कुदळी फावडी घेऊन, पावसात भिजत ती माणसे चिखल उपसू लागली.

आणि दुपारी दीडच्या सुमारास डोंगराचा सबंध कडा सुटला.

सारे काही सेकंदांत आटोपले. हॉटेल गेले, बाजूचे दुकान गेले, तलावाकाठचे सभागृह गेले, नयनादेवीचे मंदिर गेले. चिखल-दगडांचा लोंढा तलावात शिरला आणि तलावाचे पाणी उसळून काठावर चढले. मदतीला आलेली माणसे जिथल्या तिथे गाडली गेली. मृतांची नोंद १५१ ची आहे. त्यांत ४३ युरोपियन आणि १०८ हिंदी.

चर्चमध्ये त्या दिवशी मेलेल्या युरोपियनांच्या नावांच्या पाट्या आहेत. मी त्या वाचल्या. तरुण अधिकारी आहेत, घरदार असलेली माणसे आहेत. त्यांच्याविषयी मनात दुजाभाव यावा असे काही नाही. त्यांतले कित्येक तर दुसऱ्याला वाचवायला म्हणून गेले होते. पण त्यांच्या शेजारी फावडे मारणारा जो पहाडी मजूर होता, जो हिंदी शिपाई होता, त्याच्या नावाची पाटी मला गावात कुठे दिसली नाही. नावाड्याला मी विचारले, "ती दरड नेमकी कुठे आली होती रे?" त्याने वल्हे न थांबवता मल्लीतालच्या मैदानाकडे मान केली. "ते काय, पोरं खेळताहेत तिथं." मल्लीतालच्या सपाटीवरचे हे मैदान त्या दरडीच्या मलब्याने पसरट झाले. आज तेथे क्रिकेट, हॉकी, फुटबॉल चालते, कडेला चणेफुटाणे विकतात. पाटी म्हणायची तर तेवढीच.

आता नाल्यांकडे येऊ. एवढा घाव बसल्यावर मात्र राज्यकर्ते जागे झाले. तज्ज्ञ आले, भूगर्भशास्त्रज्ञांनी उतारांचा नकाशा मांडला. त्यांनी सांगितले ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला पटेल इतके साधे होते. डोंगर पाण्याने पडत नाही, मुरलेल्या पाण्याने पडतो. वरून वाहून गेले ते पाणी निघून गेले; पण भेगांतून आत शिरले ते पापुद्र्यांमध्ये साचते, डोंगराचे वजन वाढवते, आणि दोन थरांमधली पकड सैल करते. मग उपाय काय? पाण्याला आत शिरायला सवडच द्यायची नाही. पडल्या पडल्या त्याला उचलायचे, दगडी वाटेला लावायचे आणि तलावात नेऊन सोडायचे.

म्हणून डोंगराच्या अंगावर जाळे विणावे तसे नाले बांधले गेले. वरून खाली उतरणारे मुख्य नाले, आणि त्यांना आडवे येऊन मिळणारे उपनाले. तलावाला येऊन मिळणारे लहानमोठे साठेक तरी आहेत, आणि सगळ्यांची लांबी मैलोगणती भरते. तळ आणि बाजू दगडांनी बांधलेल्या. पाण्याचा वेग मोडावा म्हणून पायऱ्या. वाहून येणारे दगडगोटे तलावात जाऊ नयेत म्हणून ठिकठिकाणी खड्डे. पाऊस ओसरला की ते उपसायचे. जोडीला कायदा आला: अमुक उतारावर बांधायचे नाही, झाड तोडायचे नाही, माती खणायची नाही. यात दिपवून टाकणारे असे काही नाही. दगड, चुना, आणि दरसाल न कंटाळता केलेली साफसफाई. पण ज्या उतारावर एका दिवसात दीडशे माणसे गेली त्या उतारावर गाव टिकून राहिले, त्यात या नाल्यांचा वाटा फार मोठा आहे. देवीचे मंदिरही १८८३ साली पुन्हा उभे राहिले, तलावाच्या अगदी काठाशी.

ज्यांना शक्य होते ते तलाव ओलांडून समोरच्या कठीण खडकावर गेले. जिम कॉर्बेट यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांचा जन्म नैनीतालचाच, १८७५ सालचा. दरड कोसळली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या कुटुंबाने घर हलवले आणि १८८१ साली अयारपाट्याच्या बाजूला गर्नी हाउस उभे केले.

खुद्द लाटसाहेबांवरही तीच पाळी आली. शेर-का-डांडावरचे त्यांचे निवासस्थान उतार सरकू लागल्यामुळे सोडावे लागले. मग पक्क्या जमिनीवर नवे गव्हर्नमेंट हाउस बांधायचे ठरले, आणि येथे आपल्या मुंबईचा धागा येतो. त्याचा आराखडा केला तो एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी. हेच ते बोरीबंदरचे स्टीव्हन्स! ज्या स्टेशनात उतरून आपण रोज कामावर धावतो, आणि ज्या महापालिकेत कराचे पैसे भरतो, त्या दोन्ही इमारती त्यांच्याच. नैनीतालच्या वास्तूचा पाया १८९७ साली घातला गेला आणि १९०० साली ती पुरी झाली. त्याच साली स्टीव्हन्स मुंबईत वारले. आज तेथे उत्तराखंडाच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. देवदारांतून ते कमानी-मनोऱ्यांचे घर एकदम समोर आले तेव्हा मला क्षणभर वाटले, आता आठ बावीसची लोकल सुटणार!

परंतु नाले झाले म्हणून डोंगराने करार केला असे नव्हे. १८९८ साली बलिया नाल्याच्या बाजूला पुन्हा दरड आली आणि माणसे दगावली. डोंगराशी तह होतो तो एका पावसाळ्यापुरता. पुढच्या वर्षी पुन्हा खड्डे उपसायचे आणि तह नवा करायचा.

१८८४ साली खालच्या काठगोदामपर्यंत रेल्वे आली आणि माणसांचा ओघ वाढला. स्वातंत्र्यानंतर साहेबांचे गाव सर्वांचे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. 'मधुमती' चित्रपटासाठी (१९५८) बिमल रॉय या परिसरात येऊन चित्रीकरण करून गेले, आणि ज्यांनी हिमालय कधी पाहिला नव्हता त्यांनाही ही धुक्यातली झाडी ओळखीची झाली. २००० साली उत्तराखंड राज्य झाले, त्याचे उच्च न्यायालय येथे आले. प्रवासी वाढले, मोटारी वाढल्या. हॉटेलावर मजला चढला, मजल्यावर आणखी मजला. नाल्याच्या तोंडाशी दुकान आले, नाल्यावर फरशी टाकून कोणी गाडी उभी केली, नाल्यात कोणी घराचा राडारोडा लोटला. एकेक गोष्ट पाहिली तर क्षुल्लक. "एवढ्यानं काय होतंय?" हे वाक्य आपण सगळेच बोलतो.

काय होते ते तलाव सांगतो. हेच पाणी गाव पिते. २०१७ च्या उन्हाळ्यात तलाव इतका खाली गेला, की काठचा तळ उघडा पडून त्यावरून लोक चालू लागले. वरच्या बाजूला सूखाताल म्हणून एक उथळ, फक्त पावसाळ्यात भरणारा खळगा आहे. त्यात मुरलेले पाणी जमिनीतून झिरपत नैनीतालला पोसते. त्या खळग्यातही भर पडली, घरे आली. म्हणजे पाहा, जिथे पाणी मुरायला नको तिथला नाला आपण तुंबवतो, आणि जिथे मुरायला हवे तो खळगा बुजवतो! पुढच्याच वर्षी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, तलावाकाठच्या खालच्या मॉल रोडचा एक तुकडा खचून तलावात गेला. बलिया नाल्याचा काठही ढासळत राहिला, आणि तिथली कुटुंबे हलवावी लागली.

तुम्ही म्हणाल, हे सगळे हिमालयातले. आमचा सह्याद्री पक्का काळ्या दगडाचा. श्रोतेहो, ३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव. तेथेही मृतांचा आकडा दीडशेच्या घरात गेला. २०२१ च्या जुलैत महाडजवळचे तळिये, आणि २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. काळ्या दगडावर मातीचा थर असतो, आणि माती पाणी पिते ती हिमालयात पिते तशीच सह्याद्रीत पिते. त्या गावांतल्या माणसांनी डोंगर तासून हॉटेले बांधली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ती तेथे राहत होती. म्हणून दोष कोणाचा हे मी येथे ठरवत नाही. पण वरून येणाऱ्या पाण्याला वाट कुठून द्यायची, हा प्रश्न पावसाआधी विचारायचा असतो की नंतर, एवढे नैनीतालकडून शिकता येण्याजोगे आहे. तिथे तो १८६७ साली विचारला गेला, अर्धवट सोडला गेला, आणि १८८० साली त्याचे उत्तर दीडशे जिवांनी दिले.

निघायच्या दिवशी सकाळी ऊन पडले होते. दोन माणसे नाल्यातल्या खड्ड्यात उतरून फावड्याने गाळ काढत होती. घमेली भरत होती, वर जात होती, रिकामी होऊन येत होती. वरच्या कठड्यापाशी चारसहा प्रवासी तलावाचे फोटो घेत उभे होते. त्यांतल्या एकाने मला हाक मारली, "जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय." मी बाजूला झालो. खाली खड्ड्यातला माणूस मात्र हलला नाही. त्याला अजून हातभर गाळ काढायचा होता, आणि वायव्येकडे, चीनाच्या शिखरावर, पुन्हा ढग जमू लागले होते.

नैनीतालला गेलात तर तलाव पाहाच. नावेत बसा, मैदानावर चणे खा. पण संध्याकाळी परतताना एखाद्या नाल्याच्या कठड्यावर क्षणभर थांबा. पाणी वाहते आहे ना, तेवढे ऐका. आणि हातात केळ्याची साल किंवा बिस्किटाचा कागद असेल, तर तो मात्र खिशातच राहू द्या.